ओठांतल्या सात टाचण्या

शर्टाच्या कारखान्यात तिला सगळे भिंगरीमावशी म्हणत. हे नाव तिला इतकं चिकटलं होतं की पगाराच्या खिडकीतून खरं नाव पुकारलं गेलं तर ती स्वतःच क्षणभर मागे वळून बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून. वय चोपन्न, अंगकाठी किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पण टेबलाशी उभी राहिली की बघणाऱ्याची नजर तिच्या हातांवरून हलत नसे.

तिचं काम घडीचं. इस्त्री झालेला, बटणं लावलेला शर्ट टेबलावर पालथा टाकायचा, पाठीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पातळ कागद, दोन्ही बाह्या मागे वळवायच्या, खालचा घेर वर आणायचा, कॉलरखाली पट्टी सरकवायची आणि ठरलेल्या सात जागी सात टाचण्या टोचून शर्ट पिशवीत घालायचा. नवा शर्ट घरी आणल्यावर त्या टाचण्या काढताना आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो तो माणूस म्हणजे भिंगरीमावशी. मजुरी नगावर होती. जितके शर्ट तितके पैसे.

आता सात टाचण्या ठेवायच्या कुठे? डबीतून एकेक उचलायची तर दर वेळी हात लांब जातो, नजर हलते. म्हणून त्या खोलीतल्या साठही जणी टाचण्या ओठांत धरत. सात टाचण्या, टोकं बाहेर, डोकी आत. त्यामुळे साठ बायका एका छताखाली असूनही दिवसभर तिथे ऐकू यायचा तो फक्त कागदाचा आवाज. बायका जमल्या की गलका होतो असं म्हणणाऱ्यांना ही खोली एकदा दाखवायला हवी होती. मावशीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, आता घरीच असतो. तो चारचौघांत सांगायचा की सगळं जग बायकोच्या तोंडाला भितं, मी मात्र टाचण्यांना भितो, कारण गादीवर, उशीखाली, चहाच्या कपाशी कुठेही त्या सापडतात.

बाकीच्यांना एका शर्टाला ऐंशी सेकंद लागत, कुणाला नव्वद. मावशीला पन्नास. हे हात तिने कमावलेले होते आणि त्याचा तिला अभिमान होता. का नसावा? गरिबाच्या घरी अभिमान बाळगण्यासारख्या गोष्टी मुळातच कमी, त्यातली एक हातात असली तर माणूस ती मिरवणारच. मालकाकडे पाहुणे आले की त्यांना आधी तिच्या टेबलाशी आणत. पाहुणे घड्याळ बघत, माना डोलावत, मालक हसून म्हणत, बघा, आमच्याकडे हे असं काम चालतं. एकदा तिला भिंतीवरचं घड्याळही बक्षीस मिळालं होतं. ते अजून घरात होतं आणि रोज सहा मिनिटं पुढे जात होतं.

अठ्ठावीस वर्षांत पाहुणे तीनदा मोठ्या लवाजम्याने आले आणि तीनदा, महिना-दोन महिन्यांनी, नगाचा दर खाली आला. या दोन गोष्टींची मावशीने कधी गाठ मारली नाही. मारली असती तर त्रासच झाला असता, म्हणून मारली नसेल, असं मला वाटतं.

मग कायदा आला. तो येण्याआधी वर्षभर टीव्हीवर सूट घातलेली माणसं भांडत होती. एक म्हणायचा, मजुरी वाढवली की कारखाने बंद पडतील. दुसरा म्हणायचा, मजुरी वाढल्याशिवाय शर्ट विकत घेणार कोण? तिसरा आलेख दाखवायचा. मावशीचा नवरा त्यांना उंटावरचे शहाणे म्हणायचा आणि तरीही कार्यक्रम शेवटपर्यंत बघायचा. त्या तिघांपैकी एकालाही शर्टाची घडी घालता आली नसती, हे मी पैजेवर सांगतो. पण कायदा निघाला तो मात्र बरा निघाला. नगावर काम करणाऱ्या साधारण कामगाराला, साधारण गतीने, नियमाप्रमाणे काम करून, मध्ये पाणी पिऊन आणि पाठ सरळ करून, आठ तासांत ठरलेला रोज पडलाच पाहिजे. नगाचा दर त्या हिशोबाने लावायचा. आणि एका नगाला किती वेळ लागतो हे बघायला सरकारी माणूस स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक कारखान्यात येणार.

फक्त एक मेख होती. साधारण कामगार कोण, ते कारखान्याने दाखवायचं होतं.

शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण शीत कुणी उचलायचं ते ज्याच्या हातात, त्याचाच भात शिजलेला ठरतो. सुपरवायझरने मावशीला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, सोमवारी मोजणी आहे, तुमचंच टेबल दाखवायचं ठरलंय. वर हेही सांगितलं की तयार शर्ट तपासणाऱ्या तपासनिसाची जागा रिकामी होतेय. महिन्याचा बांधलेला पगार, बसून काम, वय झालं आता, गुडघे दुखत असतील. मावशीचे गुडघे खरोखरच दुखत होते. तिने लगेच होकार दिला. त्या होकारात खुर्ची होती तशी जुनी हौसही होती. पुन्हा एकदा कोणीतरी घड्याळ घेऊन आपल्यासमोर उभं राहणार, आणि या वेळी थेट सरकार.

घरी तिने हे जेवताना सांगितलं. नवऱ्याने शाबासकी दिली. सून पोळ्या वाढत राहिली.

ही सूनही त्याच खोलीत होती, पलीकडच्या रांगेत, चार वर्षं. मुलगा ट्रकवर, पंधरवड्यातून एकदा घरी. सुनेच्या डाव्या अंगठ्यावरून एकदा इस्त्री गेली होती, तेव्हापासून तो नीट वळत नसे आणि एका शर्टाला तिचे पंचाण्णव सेकंद जात. रोज पुरा करायला ती दहा तास थांबायची, कधी साडेदहा. सासू सहाला घरी, सून साडेआठला. सात वर्षांची पोर आईला सकाळी केस विंचरून घेण्यापुरती भेटायची, संध्याकाळी तिची पेंगायची वेळ झालेली असे. नव्या कायद्याची त्या घरात कोणी वाट बघत असेल तर ती सून. तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं की आठ तास झाले की निघायचं आणि उजेड असताना पोरीला शाळेजवळच्या मैदानात न्यायचं.

ताटं उचलल्यावर ती ओट्याशी उभी राहून, पाठमोरीच बोलली.

"आई, तुमच्या हातावरून मोजलं तर माझ्या हाताला काय उरणार?"

मावशीला आधी कळलंच नाही. मग सुनेने शांतपणे सगळं मांडलं. पन्नास सेकंदांचा शर्ट हाच साधारण ठरला, तर दर आहे त्याहूनही खाली जाईल. दहा तासांचे बारा होतील. आणि या वेळी तो दर सरकारी शिक्क्याचा असेल, त्याच्यावर भांडायलाही जागा नाही. मागे तीनदा दर उतरला तेव्हा काय झालं होतं, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या तोंडावर कोणी बोलत नाही, इतकंच.

मावशी उसळली. मी काय कोणाचं चोरलं? काम केलं, ते झरझर केलं, हा गुन्हा झाला? सून म्हणाली, गुन्हा नाही. त्यावर दोघी गप्प झाल्या आणि दोन दिवस गप्पच राहिल्या. घरात आपलेच दात आणि आपलेच ओठ असले की भांडण असं आतल्या आत चालतं.

पण ते वाक्य मावशीच्या मनातून जाईना. भिंतीवरच्या बक्षिसाच्या घड्याळाकडे नजर गेली की तीन दौरे आठवायचे, तीन उतरलेले दर आठवायचे, आणि दर वेळी दरपत्रक लावलं गेलं तेव्हा आपण काय म्हणालो होतो, हेही. काहीच नाही. तोंडात टाचण्या होत्या.

शेजारच्या टेबलावरचीने तोडगा सुचवला. सोमवारी बोटाला चिंधी बांध, दुखतंय म्हण, हळू कर. मावशीला ते पटेना. तिचा बाप चपला शिवायचा. तो म्हणायचा, गिऱ्हाइकाशी खोटं बोललं तर गिऱ्हाईक जातं, कामाशी खोटं बोललं तर हात जातो. मुद्दाम हळू काम करणं हे तिच्या लेखी चोरीच. तरी रविवारी दुपारी तिने करून बघितलं. नवऱ्याचे सगळे शर्ट काढले, त्याला घड्याळ घेऊन समोर बसवलं, आणि सावकाश घडी घालायला लागली. पहिल्या शर्टाला सत्तर सेकंद. दुसऱ्याला साठ. तिसऱ्याला नवरा म्हणाला, "अगं, पन्नास." चौथ्याला तिने मनात आकडे म्हटले, पाचव्याला डोळे मिटले, पण हातांना काही सांगितलेलं पटतच नव्हतं. ते आपले त्यांच्या वाटेने जात होते. शेवटी तिने सगळे शर्ट तसेच कपाटात टाकले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला मानेत दोन आणि पोटात एक टाचणी टोचली, तेव्हा त्याने मोजणीच्या सगळ्या सरकारी धोरणांचा एकदम उद्धार केला.

सोमवारी सरकारची मोजणीबाई आली. सडपातळ, पिकल्या केसांची, खांद्याला कापडी पिशवी. सुपरवायझरने तिला थेट मावशीच्या टेबलाशी नेलं. बाईने सांगितलं, रोज करता तसंच करा, वीस शर्ट मोजणार आहे. मावशीने सात टाचण्या ओठांत घेतल्या, मान खाली घातली, आणि हात सुरू झाले.

आज जरा बेतानं, असं तिने सकाळपासून स्वतःला शंभरदा बजावलं होतं. काही उपयोग झाला नाही. पाचव्या शर्टापासून ती नेहमीच्या लयीत होती, दहाव्यानंतर नेहमीपेक्षाही पुढे. कोणी बघत असलं की तिचे हात चढतात, हे जुनंच दुखणं. वीस शर्ट झाले तेव्हा सुपरवायझर गालातल्या गालात हसत होता आणि मोजणीबाईने कागदावर लिहिलं, एकोणपन्नास. मावशीने मान वर केली. पलीकडच्या रांगेत सून आपल्या शर्टावर वाकली होती. तिने बघितलंही नाही, म्हणजे तिने सगळं बघितलं होतं.

मावशीला त्या क्षणी स्वतःच्या हातांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा.

तिने सवयीने पुढच्या सात टाचण्या ओठांत घेतल्या. मोजणीबाईने पिशवीतून छापील कागद काढला. ही कामगाराची सही, म्हणाली, सही करण्याआधी वाचून दाखवायचा नियम आहे. आणि तिने वाचलं की हे मी केलेलं काम माझं रोजचं आहे, साधारण गतीचं आहे, आणि कारखान्याच्या नियमाप्रमाणे केलेलं आहे. सुपरवायझरने पेन पुढे केलं.

मावशीने पेन घेतलं नाही. तिने उजवा हात तोंडाशी नेला आणि टाचण्या एकेक करून काढून टेबलावर ठेवल्या. एक, दोन, अशा सातही. खोलीतला कागदाचा आवाज हळूहळू थांबला.

"रोजचं आहे, हे खरं," ती म्हणाली. "बाकीचं दोन्ही खोटं आहे. खोट्यावर मी सही नाही करणार."

सुपरवायझर म्हणाला की मावशी घाबरल्या आहेत. मोजणीबाईने त्याला हातानेच थांबवलं आणि काय खोटं, असं विचारलं. मावशीने भिंतीकडे बोट केलं. पुठ्ठ्यांच्या थप्पीआड जुनी पाटी होती, अर्धीच दिसत होती. थप्पी बाजूला केल्यावर पुरी वाचता आली. टाचण्या तोंडात धरू नयेत.

त्या पाटीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. फार वर्षांपूर्वी एका बाईने शिंकताना टाचणी गिळली होती. वाचली, पण नोकरी सुटली. त्यानंतर पाटी लागली. बायकांनी तीन दिवस डबीतून टाचण्या घेऊन काम केलं, रोज काही पडेना, चौथ्या दिवशी टाचण्या पुन्हा ओठांत. पाटी तशीच राहिली, दर तसाच राहिला, आणि दोन्ही एकदम पाळणं शक्य नाही, हे बोलायला कोणाचंही तोंड रिकामं नव्हतं.

"आणि साधारणचं काय?" मोजणीबाईने विचारलं.

"मी साधारण नाही हो बाई." मावशीने चष्मा वर सरकवला. "या खोलीत विचारा कोणालाही. अठ्ठावीस वर्षं मला दाखवून यांचा दर उतरवला. मला मोजू नका."

हे बोलताना तिला वाईट वाटलं, आणि तितकाच ताठाही वाटला. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

मोजणीबाईने एकोणपन्नासवर काट मारली. मग साठ टेबलांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून पाच उचलले आणि सांगितलं, या पाच टेबलांचं काम मोजू, पाटीवर लिहिलंय तसं, टाचण्या टोचून ठेवायला मनगटावरच्या गाद्या मागवा. स्टोअरवाल्याने विचारलं, ती काय वस्तू असते? उभ्या कारखान्यात एक गादी निघाली नाही. पण शर्टाच्या कारखान्यात चिंध्यांना काय तोटा? शिलाईच्या हॉलमधून कातरणांचं पोतं आलं, आणि पाव तासात साठ मनगटांवर साठ गाद्या बांधल्या गेल्या. मावशीच्या मनगटावरची गादी सुनेने बांधली. अंगठा वळत नसल्यामुळे गाठ मारायला तिला वेळ लागला. मावशी हात पुढे करून उभी राहिली.

पाच टेबलांवर सरासरी निघाली सत्त्याण्णव सेकंद.

दर दोन महिन्यांनी लागला. तोवर खोलीत धाकधूक होती. मालक दोनदा येऊन सांगून गेले की असंच चाललं तर टाळं लावावं लागेल. मावशीला काही रात्री झोप नव्हती. आपल्यामुळे साठ घरांच्या चुली विझल्या तर कोणत्या तोंडाने जगायचं? टाळं काही लागलं नाही. झालं असं की कामगाराचा वेळ महाग झाल्याबरोबर मालकांच्या लक्षात आलं की शर्टाला सात टाचण्यांची गरजच नाही, पाच पुरतात. मावशीला हे पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं. बाह्यांच्या दोन टाचण्या निव्वळ शोभेच्या होत्या. पण स्वस्त हातांच्या कामात काय वाया जातंय ते कोण बघतो? टीव्हीवरच्या त्या आलेखवाल्याला हे कोणीतरी कळवायला हवं.

तपासनिसाची खुर्ची मावशीला मिळाली नाही. कोणालाच मिळाली नाही, तिच्यावर आता पुठ्ठे ठेवतात.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर ही गोष्ट फार गोड होईल. गादी लावून मावशीचे शर्ट कमी झाले, दर वाढला, आणि तिचा पगार जिथे होता तिथेच राहिला. सुनेचा मात्र चांगलाच चढला. पहिल्या पगाराच्या दिवशी दोघींची पाकिटं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा त्यांत फारसा फरक नव्हता. मावशीला ते लागलं. इतकी वर्षं ज्या अंतरावर ती उभी होती, ते अंतर एका महिन्यात आटलं होतं. मग तिने स्वतःलाच विचारलं की ते अंतर नेमकं कोणाच्या उपयोगाचं होतं. त्याचं उत्तर तिला आवडलं नाही, पण पटलं.

खोलीत आता गलका असतो. पहिल्या आठवड्यात कोणाला काय बोलावं तेच सुचत नव्हतं, नंतर मात्र अठ्ठावीस वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. सुपरवायझर म्हणतो, पूर्वी किती शांतता होती. त्याचं बरोबर आहे.

पहिला पगार हातात पडेपर्यंत सुनेचा नव्या दरावर विश्वास बसला नव्हता, ती पूर्वीसारखीच उशिरापर्यंत थांबत होती. पगाराच्या त्या दिवशी मात्र, आठ तास भरल्यावर, तिने गादी सोडून टेबलावर ठेवली. बाहेर अजून ऊन होतं. चार वर्षं एका खोलीत काम करून सासू-सून कधी बरोबर घरी गेल्या नव्हत्या. फाटकातून बाहेर पडल्यावर मावशी सवयीने झपाझप निघाली, आणि दहा पावलांत एकटीच पुढे गेली.

"आई," मागून सून म्हणाली, "जरा हळू चला की."

मावशी थांबली. हातांना जे शेवटपर्यंत जमलं नव्हतं, ते पायांना जमलं. सून शेजारी येईपर्यंत तिने वाट पाहिली, आणि मग दोघी पोरीला घ्यायला मैदानाच्या रस्त्याने चालायला लागल्या.